कुठे उतरणार?

तोक्योत यामानोते लाइनच्या गाडीत दुपारी उभी होते. समोरच्या बाकावर सातजण बसलेले, त्यातले चार गाढ झोपेत. जीभ शिवशिवत होती. ‘कुठे उतरणार?’ एवढंच विचारायचं होतं. डोंबिवलीत वाढलेल्या बाईला बसलेल्या माणसासमोर गप्प उभं राहणं हा शारीरिक त्रास आहे.

पण विचारणार कोणाला? डब्यात कोणी बोलतच नव्हतं. फोनवरसुद्धा नाही, गाडीत फोनवर बोलणं तिथे असभ्य समजतात. आवाज काय तो स्टेशनांचा. गाडी सुटताना फलाटावर छोटीशी धून वाजते, बऱ्याच स्टेशनांची वेगवेगळी. झोपलेली माणसं आपापल्या स्टेशनावर बरोबर जागी होऊन उतरतात. ही गाडी गोल फिरते, तीस स्टेशनं, तासाभरात पुन्हा तिथेच. म्हणजे ‘शेवटपर्यंत जाणार’ असं म्हणायचीही सोय नाही.

आमची आत्या देवरुखहून यायची तेव्हा तिला लोकलने न्यायचं काम आईचं, आणि लाजेने अर्धमेलं व्हायचं काम माझं. लेडीज डब्यात आत्याला खिडकी मिळाली की पुढ्यात उभी असलेली बाई विचारणारच, “कुठे उतरणार?” आत्या खुलायची. “घाटकोपरला. भाच्याच्या मुलीचं बारसं आहे हो. पहिली मुलगी. तुमचं गाव कुठलं?” त्या बाईला फक्त जागा धरायची होती, पण तिलाही गाव सांगावंच लागायचं. मुलुंड येईपर्यंत भाच्याच्या सासरचा विषय निघालेला असायचा. घरी आल्यावर आत्या आजीला सांगायची, मुंबईची माणसं भारी मायाळू, आपण कुठे चाललो याची किती चौकशी करतात! कोणीच तिचा गैरसमज दूर केला नाही. आता वाटतं, गैरसमज तरी कशावरून?

तोक्योत माझी चौकशी करायची गरज कोणालाच नव्हती. मलाही नव्हती. फलाट, दरवाजा, बाहेर पडायचा रस्ता, सगळं फोन सांगत होता. सरकत्या जिन्यावर सगळे डावीकडे उभे राहतात हे मी बघूनच शिकले. (ओसाकात म्हणे उजवीकडे.) फक्त सकाळी खाल्लेल्या केळ्याचं साल दिवसभर पर्समध्ये होतं. 1995 मध्ये भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक जागांमधल्या बऱ्याच कचरापेट्या हलवल्या गेल्या. रस्ते मात्र चकचकीत. माणसं आपापला कचरा घरी नेतात. माझं घर तिथे कुठे होतं?

रविवारी निशी-कासाईला गेले. तोझाई लाइनवरचं हे स्टेशन, आसपास बरीच भारतीय वस्ती. अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये इथल्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून गेले. अंबरनाथ म्हणजे आमच्या पुढचंच! या आधारावर मी जरा ऐटीतच उतरले.

किराणा दुकानात मराठी ऐकू आलं आणि मान आपोआप वळली. एक जोडपं. ती म्हणाली, “उद्या जळणारा कचरा ना?” तो म्हणाला, “नाही गं, परवा. उद्या प्लास्टिक.” मग शाळेतल्या कुठल्याशा मीटिंगवरून त्यांची थोडी वादावादी झाली. प्रत्येक शब्द कळत होता, आणि मध्ये टाकायला माझ्याकडे एकही नव्हता.

आत्याने खुशाल विचारलं असतं, तुमचं गाव कुठलं? मी पोह्यांच्या पाकिटावरची किंमत वाचत राहिले. रुपयांत हिशोब केला आणि पाकीट परत ठेवलं. डोंबिवलीत कोण देतं एवढे!