कोपऱ्यातल्या दोन काड्या

प्राणीपेशीची आकृती काढताना तारककाय सगळ्यात शेवटी येतं. केंद्रकाला ऐसपैस जागा मिळते, तंतुकणिकेत नागमोडी रेघा भरल्या जातात, आणि उरल्यासुरल्या कोपऱ्यात दोन आखूड काड्या, काटकोनात. नावाची रेघ ओढली की सुटलो. वनस्पतीपेशीत त्या काढल्या तर गुण जातो, एवढाच काय तो त्यांचा दरारा.

पण घाईत काढलेला तो काटकोन मात्र खरा असतो. यातली एकेक काडी म्हणजे सेंट्रिओल. तिची जाडी २०० ते २५० नॅनोमीटर, लांबी ४०० ते ५००. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली नुसता ठिपका. पुढचं बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि त्याचे नखरे फार. पेशी ग्लुटराल्डिहाइडमध्ये स्थिर करा, रेझिनमध्ये बसवा, मग हिऱ्याच्या सुरीने ७० नॅनोमीटरचे काप घ्या. म्हणजे एका सेंट्रिओलचे जेमतेम सहा-सात काप. काप बरोबर आडवा बसला तरच नऊ तिकड्यांचं, म्हणजे तीन-तीन सूक्ष्मनलिकांच्या नऊ जुड्यांचं, चक्र लख्ख उमटतं; जरा तिरका गेला की सगळा फराटा. आणि एक गोल सापडला की त्याचा जोडीदार हमखास लांबट दिसणार. दोन्ही एकाच कापात गोल मिळतील ही आशा सोडावी.

चक्र मात्र बघत राहावं असं. प्रत्येक तिकडीत पहिली नळी पूर्ण, १३ धाग्यांची. पुढच्या दोघी चाळीतल्या खोल्यांसारख्या शेजारणीच्या भिंतीवर भागवतात, त्यामुळे त्यांना दहा-दहा धागे पुरतात. पेशी गारठवली की बाकीच्या सूक्ष्मनलिका विरघळून जातात, या ढिम्म.

नव्या सेंट्रिओलची तयारी जुन्याच्या अंगाला लागूनच होते: डीएनएची प्रत निघत असताना प्रत्येक जुन्याच्या कुशीला एक नवं, एकच. ही शिस्त पीएलके४ नावाच्या विकराच्या हातात. ते जास्त झालं की एकाभोवती चार-पाच पिल्लं लटकतात, विभागणाऱ्या पेशीला दोनाऐवजी तीन-चार ध्रुव, म्हणजे गुणसूत्रं आपल्याकडे ओढणारी टोकं, फुटतात आणि गुणसूत्रांची वाटणी फसते. अशा फसलेल्या वाटणीतून कर्करोग होत असावा, असं जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरीने १९१४ मध्येच लिहून ठेवलं होतं.

एवढं वाचल्यावर वाटतं, पेशीविभाजनाचा सगळा कारभार यांच्यावरच. तसं नाही. सपुष्प वनस्पती यांच्यावाचून विभागतात. २००६ मध्ये फळमाशीत सेंट्रिओल बनणंच बंद पाडलं, तर आईकडून आलेला साठा संपल्यावरही अळ्या वाढल्या, कोष झाले, जवळपास वेळेवर माश्या बाहेर आल्या. आणि थोड्याच वेळात मेल्या. त्यांच्या संवेदी चेतापेशींना पक्ष्माभिकाच, म्हणजे पेशीबाहेर डोकावणारे केसासारखे धागेच, नव्हते. अंगाचा तोल कळेना. पक्ष्माभिका उगवायला जुनं सेंट्रिओल पेशीपटलाला जाऊन भिडावं लागतं. हेच त्याचं मुख्य काम, आणि आकृतीत नेमकं तेच नसतं. श्वासनलिकेतली एकेक पेशी कफ वर ढकलणाऱ्या पक्ष्माभिकांसाठी शेकडो सेंट्रिओल तयार करते. शुक्राणूची शेपटीही यावरच उभी.

अंडपेशी आपली सेंट्रिओल आधीच टाकून देते, म्हणून माणसात पहिलं सेंट्रिओल वडिलांकडून येतं. उंदराचा शुक्राणू तेही आणत नाही. गर्भ सुरुवातीचे दिवस तसाच विभागत राहतो आणि मग स्वतःच नवी घडवतो. उंदरांची संख्या पाहता त्यांचं यावाचून काही अडलेलं दिसत नाही.