सीतेची वेणी

लातूर, १ जून. रात्रीचे साडेदहा.

आज सकाळी फुलली. पाच उन्हाळे वाट पाहायला लावून सीतेची वेणी, म्हणजे एक रानातली आमरी (ऑर्किड), आमच्या अंगणात, कडुलिंबाच्या फांदीवरून खाली लोंबतेय. पांढऱ्या पाकळ्या, त्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके, मधली पाकळी गडद जांभळी. दोनदा मोजली, चौसष्ट फुलं. सह्याद्रीतल्या जुन्या झाडांवर एकेका तुऱ्याला शंभराहून जास्त असतात, पण माझ्यासाठी ही चौसष्ट पुष्कळ आहेत.

पुण्याहून रोप आणलं ते कुंडीत, कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) होतं. मीही तुळशीला घालावं तसं रोज पाणी घालत गेले. पहिल्याच पावसाळ्यात पाचपैकी तीन मुळं कुजली. ही आमरी मातीतली नव्हेच. जंगलात ती झाडाच्या सालीला धरून राहते, मुळं उघड्या वाऱ्यावर. त्यांच्यावर स्पंजासारखं आवरण असतं, ते पाणी चटकन शोषतं आणि मग पुन्हा खडखडीत वाळायला हवं असतं. कोरडं मूळ रुपेरी दिसतं, भिजलं की हिरवं. आता मी वेळ बघून पाणी देत नाही, मुळं बघून देते.

आंब्याच्या लाकडाला बांधून कडुलिंबावर टांगली तर वर्षभर रुसून बसली. एकही पान नाही. जागेवरून हलवलेलं हिला अजिबात सोसत नाही. पुढच्या फाल्गुनात लिंबाची पानं गळाली, सावली गेली आणि दोन पानं उन्हानं करपली. तेव्हापासून लिंबाला नवी पालवी दाट होईपर्यंत वर जुनं पातळ सुती लुगडं बांधते. लुगडं आईंचं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सुरुवातीला त्यांनी ते बांडगूळ समजून काढायलाच घेतलं होतं. “लिंबाचा रस पिऊन टाकील गं ते!” ती झाडाला फक्त धरून राहते, त्याच्यातून काही घेत नाही, हे त्यांना पटायला एक वर्ष गेलं.

पाण्याचं मात्र माझ्याही मनाला लागून राहिलं. आमच्या बोअरचं पाणी जड, मुळांवर पांढरे क्षार बसतात आणि कोवळी टोकं काळी पडतात. म्हणून गच्चीवरचं पावसाचं पाणी दोन झाकणाच्या पिंपांत भरून ठेवते. पण एप्रिल २०१६ मध्ये याच गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा आई घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या असायच्या. त्यांच्यासमोर फुलासाठी पाणी राखून ठेवताना माझा हात आखडायचा. एका वैशाखात, पिंप तळाला गेलं असताना, मी म्हटलं, आता नको, जाऊ दे. तर त्याच म्हणाल्या, “एका तांब्यानं काय होतंय? घाल की.” खरं तर तिला तांब्याभरही लागत नाही. सकाळी एकदा फवारा, फार उष्मा असला तर संध्याकाळी शेजारी ओलं गोणपाट. हिवाळ्यात तर जवळजवळ कोरडीच ठेवायची. तो कोरडा काळ मिळाला नाही म्हणूनच ती आधी फुलत नव्हती, असं मला आता वाटतं. मी माया म्हणून पाणी देत होते आणि तिला वाळणं हवं होतं.

आसामात हिला कोपौ फूल म्हणतात, बिहूला बायका केसांत माळतात. हे आईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ तुऱ्याकडे बघत होत्या. त्यांचे केस आता पांढरे, विरळ झालेत. म्हटलं, “एक तोडू का तुम्हाला?” तर म्हणाल्या, “नको. दोन-तीन आठवडे राहतंय म्हणालीस ना? राहू दे तिथंच.”

संध्याकाळी त्यांनी आपली खाट लिंबाखाली ओढून घेतली. आत्ता तिथंच झोपल्यात.

पिंपात चार बोटं पाणी उरलंय. मृगाला अजून सहा-सात दिवस आहेत.