पुनर्विवाह केला आहे का?

दर नोव्हेंबरात मी मावशीला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत घेऊन जातो. यंत्रावर तिचा अंगठा पहिल्या खेपेला कधीच उमटत नाही. कर्मचारी ओल्या फडक्याने तो पुसायला सांगतो आणि मग दुसरे बोट ठेवून पाहतो. त्यानंतर पडद्यावरचा ठरावीक प्रश्न वाचून दाखवतो, ‘पुनर्विवाह केला आहे का?’ मावशी ‘नाही’ म्हणते, आणि ते खरे आहे. तिच्या मागे तिची पिशवी धरून अण्णा उभे असतात. गेली नऊ वर्षे ते दोघे एका घरात राहतात आणि एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळतात.

लग्नाचा विचार त्यांनी केला होता, पण सगळे कागद समोर मांडून हिशेब केल्यावर तो सोडून दिला. मावशीचे यजमान केंद्र सरकारी नोकरीत होते आणि त्यांच्या पश्चात तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. केंद्राच्या नियमांनुसार विधवेने पुनर्विवाह केला की ते बंद होते. अपवाद फक्त अपत्य नसलेल्या विधवेचा, आणि तोही तिचे स्वतःचे उत्पन्न किमान कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे 9,000 रुपये व त्यावरील महागाई भत्ता यांपेक्षा, कमी असेल तरच. मावशीला मुलगा आहे, त्यामुळे ही सवलत तिला लागू होत नाही. आणि मुलाने पंचविशी केव्हाच ओलांडली असल्याने ती रक्कम त्याच्याकडेही वळणार नाही.

अण्णा कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने धातूचा पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागात, कामाला होते. उजव्या हाताची तीन बोटे प्रेसखाली गेली. कायद्याच्या परिशिष्टात अशा इजेपोटी कमाईची क्षमता 30 टक्के गेली असे धरले आहे, आणि त्या प्रमाणात ईएसआयकडून, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेकडून, त्यांना कायम अपंगत्वाचा लाभ तहहयात मिळतो. घरातले विजेचे बिल याच पैशांतून भरले जाते. अण्णांबरोबर तो लाभही संपेल. भविष्यनिर्वाह निधीच्या 1995 च्या योजनेतील त्यांची पेन्शन तुटपुंजी आहे. तिच्यातला निम्मा वाटा पश्चात पत्नीला मिळतो, पण मावशी पत्नी नाही.

कोणी म्हणेल, इतकी वर्षे एकत्र राहिलेल्यांना न्यायालये पती-पत्नी मानतात की. प्रदीर्घ सहवासावरून विवाह गृहीत धरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये एका प्रकरणात सांगितले आहे, आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीला संरक्षणही दिले आहे. पण मावशीने उद्या त्या गृहीतकाचा आधार घेऊन अण्णांची विधवा म्हणून अर्ज केला, तर तिनेच पुनर्विवाह कबूल केल्यासारखे होईल आणि आज हातात असलेले निवृत्तिवेतन धोक्यात येईल. मला या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत जास्त बोचते ते हेच.

वास्तविक 1995 च्या याच योजनेत, ज्या सदस्याला जोडीदार किंवा पात्र अपत्य नाही त्याला निवृत्तिवेतनासाठी आपल्या पसंतीच्या व्यक्तीचे नाव देण्याची मुभा आहे. ‘माझ्यानंतर हिला द्या’ हे सांगण्याचा माणसाचा अधिकार कायद्याने तिथे मान्य केला आहे. तोच अधिकार वार्धक्यात नवा सोबती लाभलेल्या प्रत्येक निवृत्तिवेतनधारकाला मिळावा, आणि विधवेचे निवृत्तिवेतन पुनर्विवाहाने थांबू नये, अशी माझी स्पष्ट मागणी आहे. पहिल्या नवऱ्याने तीस वर्षे केलेली नोकरी तिच्या दुसऱ्या लग्नाने पुसली जात नाही.

तूर्त जे हातात होते ते दोघांनी केले आहे. बँकेतले एक खाते दोघांच्या नावे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती’ या पद्धतीचे करून घेतले. अण्णांनी मृत्युपत्र करून आपल्या ठेवी आणि राहत्या घरात तहहयात राहण्याचा हक्क मावशीला दिला; आपल्या मुलांना त्यांनी ते आधी वाचून दाखवले आणि मगच साक्षीदारांसमोर डाव्या हाताने सही केली. निवृत्तिवेतन मात्र मृत्युपत्रात लिहून देता येत नाही.