हॉपकिन्स खोरं, ताहर आणि तीन किलोची रायफल

न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चहून ट्वायझल साधारण 285 किमी, म्हणजे चारेक तास. तिथून ओहाऊ तळ्याच्या कडेनं हॉपकिन्स नदीच्या खोऱ्यात शिरायचं. मे-जूनमध्ये ताहर (शेळीच्या कुळातले रानटी प्राणी) माजावर असतात, आयाळ वाढलेले नर उघड्या कड्यांवर दिसतात. दिवस मात्र जेमतेम नऊ तासांचा. हा मूळचा हिमालयातला प्राणी 1904 मध्ये माउंट कुकजवळ सोडला गेला. भारतात तो संरक्षित आहे, तर इथे त्याची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी शिकार चालते.

कागदपत्रांत पाहुण्यांसाठीचा बंदूक परवाना लागतो, त्याचा अर्ज काही महिने आधी करावा. संवर्धन खात्याचा शिकार परवाना ऑनलाइन आणि फुकट मिळतो. विमानात माणशी 5 किलोपर्यंतच काडतुसं, तीही चेक-इन सामानात.

नदीपात्रापासून कड्यापर्यंतची चढण हजार मीटरच्या घरात जाते. म्हणून लोक तीन किलोच्या आतली रायफल घेतात, आणि मग तिच्यावर 700 ग्रॅमचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, चढवतात! पैसे मोजून नळीत वाचवलेलं वजन असं परत डोक्यावर घेतात. शिवाय वजन वर गेल्यानं रायफल हातात कलंडते. स्कोप 330 ते 400 ग्रॅमचा असावा. 2.5-8x36 (2.5 ते 8 पट मोठं दाखवणारा, समोरची काच 36 मिमी) किंवा 3-9x40 इथे पुरतो.

‘50 मिमीची काच घ्या, संधिप्रकाशात बरी’ हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. पण संवर्धन खात्याच्या परवान्यात सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच मुभा आहे. समोरच्या काचेचा व्यास भागिले मोठेपणा, एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. 36 मिमीची काच 6x वर ठेवली तर 6 मिमी मिळतात, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या डोळ्याची बाहुली तेवढीही उघडत नाही. 50 मिमीसाठी स्कोप धरणाऱ्या रिंगा उंच घ्याव्या लागतात, मग गाल दस्त्यावर टेकत नाही. स्कोपच्या 30 मिमी नळीनं चित्र उजळ होतं हाही गैरसमज. तिचा खरा फायदा म्हणजे नेम सरकवणारे डायल फिरवायला जास्त वाव.

सगळ्यात जास्त लक्ष आय रिलीफकडे द्या, म्हणजे डोळा आणि मागच्या काचेतल्या अंतराकडे. हलक्या रायफलचा धक्का जोरदार असतो. त्यात चढावर झोपून वर नेम धरला की बट खांद्यात नीट बसत नाही, मान पुढे सरकते आणि स्कोपची कडा भुवई फोडते. 90 मिमीपेक्षा कमी आय रिलीफ असेल तर तो स्कोप घेऊ नका. बसवताना तो शक्य तितका पुढे ठेवा, मोठेपणा कमाल करा, हिवाळी जाकीट घालून झोपा आणि पूर्ण वर्तुळ दिसेपर्यंतच मागे घ्या. घरात टीशर्टवर बसवलेला स्कोप इथे हमखास चुकतो.

बाजूच्या पॅरॅलॅक्स डायलची गरज नाही (पॅरॅलॅक्स म्हणजे डोळा हलला की नेमाची खूण लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसणं). 40 मिमी काच आणि 137 मीटरवर कायम केलेला पॅरॅलॅक्स धरला, तर डोळा अगदी कडेला गेला तरी 300 मीटरवर चूक सुमारे 24 मिमी. डायल झाकणवालेच घ्या; उघडे डायल काटेरी झुडपांत आणि पाठपिशवीच्या पट्ट्यात आपोआप फिरतात, आणि नेम चुकल्यावरच ते कळतं.

बेसच्या, म्हणजे रिंगांखालच्या पट्टीच्या, स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा. रिंगांच्या स्क्रूंना नको, कारण ते ओलं असताना वंगणासारखं काम करतं, स्क्रू जास्त आवळले जातात आणि स्कोपची नळी चेपते. रिंगांना साधारण 1.7 ते 2 न्यूटन-मीटर. उत्पादकाचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळा. टिक्का रायफलच्या 17 मिमी खाचेवर रिंगा लावत असाल तर धक्का अडवणारी खुंटी असलेल्याच घ्या, नाहीतर गोळीगणिक त्या पुढे घसरतात.

200 मीटरवर झिरो करा, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी जुळवा. .308 किंवा 7 मिमी-08 काडतूस असेल तर 100 मीटरवर गोळी साधारण 5 सेंमी वर आणि 300 वर 20 ते 25 सेंमी खाली लागते. डायलची पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक 100 मीटरवर सुमारे 7 मिमी. रायफलची बारीक नळी लवकर तापते, म्हणून तीन गोळ्या झाडून ती हाताला गार लागेपर्यंत थांबा. पाचवी-सहावी गोळी भरकटली की लोक स्कोपला शिव्या घालतात, दोष बहुधा तापलेल्या नळीचा असतो. आणि उतार विसरू नका. 40 अंशांच्या कड्यावर 300 मीटर मोजले तर नेम 230 मीटरचा धरायचा.

रात्री रायफल शेकोटीजवळ आणू नका. थंडीतून उबेत आणली की बाहेरच्या काचेवर बाष्प धरतं, स्कोपच्या आत भरलेल्या नायट्रोजनचा तिथे उपयोग नाही. झोपडीत बोल्ट काढून, काडतुसं वेगळी ठेवून, ती थंड कोपऱ्यात उभी करा. नेम धरताना काचेवर श्वास सोडला तरी हाच घोळ होतो.

विमानप्रवासानंतर डोंगरात शिरण्याआधी तीन गोळ्या कागदावर मारून झिरो तपासा. सोबत टॉर्क्सचं टी-15 बिट आणि रिंगांचे दोन जादा स्क्रू ठेवा. ट्वायझलच्या पुढे ते विकत मिळणार नाहीत.