दोन डोस घेतलेले बाबा ऑक्सिजनवर कसे?

जानेवारी २०२२, ओमायक्रॉनची लाट जोरात होती आणि मी मेडिसिनची रेसिडेंट, नागपुरातल्या एका हॉस्पिटलात कोविड ड्युटीवर. संक्रांतीच्या आसपासचा दिवस असेल, राऊंड संपवून बाहेर आले तर एका पेशंटचा मुलगा दाराशी उभा, रागाने लाल. बाबा इतवारीतले किराण्याचे ठोक व्यापारी, वय ६८, जुनी शुगर, कोविशील्डचे दोन्ही डोस झालेले आणि तरी नाकाला ऑक्सिजन. "मॅडम, तुमीच सांगून राहिले होते ना लस घ्या म्हणून? आत निम्मे पेशंट तर दोन डोसवालेच हायेत, मंग फायदा काय झाला?"

निम्मे हे खरंच होतं. त्यामुळे नुसतं "नाही हो काका तसं नसतं" म्हणून त्याला कटवणं मला पटेना. एक कोरा केसपेपर घेतला आणि तिथंच खिडकीच्या कठड्यावर हिशोब मांडला. समजा साठीच्या वरची १००० माणसं, ९०० नी दोन्ही डोस घेतले, १०० नी एकही नाही, आणि व्हायरस सगळ्यांना गाठतो. बिनडोसवाल्या १०० मधले समजा २० भरती झाले. लस भरतीपासून ९० टक्के वाचवते असं धरलं तर डोसवाल्यांत शंभरी २, पण ते ९०० आहेत म्हणून १८. वॉर्डात २० आणि १८, बघणाऱ्याला निम्मे-निम्मेच दिसणार. त्याने माझ्या हातातला पेन घेतला, स्वतः गुणाकार केला (लस नसती तर ९०० मधले १८० भरती), १८० वर गोल केला, त्यातून १८ वजा केले आणि म्हणाला, "म्हणजे १६२ घरीच राहिले." व्यापाऱ्याचं पोरगं, हिशोब लगेच धरला.

मग खरा प्रश्न आला, की झालाच कसा. ओमायक्रॉनच्या स्पाइक प्रोटीनमध्ये (व्हायरसच्या अंगावरचे काटे, लस शरीराला यांचीच ओळख करून देते) ३० हून जास्त बदल आहेत, त्यामुळे जुन्या लसीच्या अँटिबॉडीज त्याला नीट पकडत नाहीत, शिवाय काही महिन्यांत त्या कमी होतातच. आणि हा व्हायरस इतका फास्ट की तीनेक दिवसांत नाका-घशात लक्षणं सुरू, शरीराची आठवण जागी होईपर्यंत इन्फेक्शन झालेलं असतं. पण फुप्फुसापर्यंत पोचायला त्याला अजून वेळ लागतो, आणि तेवढ्यात टी पेशी (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कामाला लागतात, त्या स्पाइकचे बरेच वेगवेगळे तुकडे ओळखतात ज्यातले बहुतेक बदललेलेच नसतात. म्हणून सर्दी-ताप अडत नाही पण व्हेंटिलेटर बराच अडतो. बाबांचं वय आणि शुगर, दोन्हीमुळे ही फौज जरा ढिली पडते, तरी ते २ लिटर ऑक्सिजनवर बसून चहा मागत होते. शेजारच्या बेडवर त्यांच्याच वयाचे, एकही डोस न घेतलेले आजोबा बायपॅपवर (घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) होते. दोन पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, हेही मी त्याला सांगितलं.

"मंग तिसरा काऊन नाही देला?" प्रिकॉशन डोस १० जानेवारीलाच सुरू झाला होता, पण तेव्हा दुसऱ्या डोसनंतर ९ महिने व्हायला हवे होते. बाबांचा दुसरा जूनमधला, म्हणजे थेट मार्चमध्ये नंबर. शुगरवाल्या म्हाताऱ्यांसाठी हे अंतर कमी हवं होतं असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं, कारण लाट काही मार्चपर्यंत वाट बघणार नव्हती.

जाता जाता म्हणाला, लहान भाऊ एकच डोस घेऊन बसलाय, म्हणतो एक पुरे. मी त्याला इंग्लंडमधला २०२१ चा डेल्टाचा आकडा सांगितला, लक्षणं असलेल्या आजारापासून एका डोसने साधारण ३० टक्के बचाव आणि कोविशील्डच्याच लसीच्या दोन डोसांनी ६७, आणि ओमायक्रॉन तर त्याहून चलाख. त्याने तिथंच मास्क खाली ओढून फोन लावला (मी ओरडले, वर केला), आणि कॉरिडॉरभर ऐकू जाईल असा बोलला, "काऊन बे, आधार कार्ड कुठं हाय तुझं? उद्या सकाळी माझ्यासंगं सेंटरवर चाल."