फ्रँकफर्टला चुकलेले विमान

गेल्या जुलैत धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी आईला घेऊन मुंबईहून टोरंटोला निघाले आणि पावसामुळे पहिलेच विमान चार तास उशिरा सुटल्याने फ्रँकफर्टहून पुढचे विमान चुकले. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर होते, म्हणून दुसऱ्या दिवशीची जागा विनामूल्य मिळाली. वेगवेगळी तिकिटे काढली असती, तर नवे भाडे भरावे लागले असते. जर्मनीत शिरायला लागणारा, युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक शेंगेन व्हिसा नसल्यामुळे शहरातल्या हॉटेलात जाता येईना, तेव्हा रात्र बाकावरच काढली. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत होत्या, याचे मोल मला त्या रात्री कळले.

टोरंटोला सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला, तरी मुठीला लाल नाडी बांधलेली आमची बॅग आली नाही. डिंकाचे लाडू, हळीव, बाळाची दुपटी सगळे त्यातच होते. आईचा चेहरा एवढासा झाला. विमानतळ सोडण्यापूर्वीच आम्ही लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतला. विमान प्रवाशांच्या भरपाईबद्दलच्या १९९९ च्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार २१ दिवसांत न आलेली बॅग हरवली असे धरून भरपाई मागता येते, म्हणून मधल्या काळातल्या खरेदीच्या पावत्याही जपून ठेवल्या.

पाचव्या दिवशी बॅग दारात आली. लाडवांचा चुरा झाला होता. आईने तूप घालून ते पुन्हा वळले.