तू म्हणायचं की तुम्ही?

पडद्यावर ओळी दोनच मिळतात, आणि त्या वाचायला प्रेक्षकाला जेमतेम तीन-चार सेकंद. बारा वर्षं सबटायटल्स करतोय, त्यामुळे ‘मजकूर बसत नाही’ हे रडगाणं मी आता गात नाही. त्या दिवशी अडलो ते एका अक्षरावर.

सिनेमा होता ‘लिटल अ‍ॅशेस’, २००८ सालचा. स्पॅनिश कवी फेदेरिको गार्सिया लोर्का आणि चित्रकार साल्वादोर दाली यांच्या मैत्रीचा; खरं तर मैत्रीच्या पुढे गेलेल्या आणि पुढे जाऊन अडखळलेल्या नात्याचा. १९२२ मध्ये दाली माद्रिदच्या ‘रेसिदेन्सिया’ या विद्यार्थी वसतिगृहात दाखल होतो. वय अठरा, लांब केस, झालरीचे कपडे, बोलायला बुजरा. लोर्का चोवीसचा, कवितांचं पुस्तक छापून झालेला. सिनेमा इंग्रजीत, म्हणजे सगळेच एकमेकांना ‘यू’. मराठीत तसं भागत नाही. सहा वर्षांनी मोठ्या, नाव झालेल्या कवीला हा बुजरा पोरगा पहिल्याच भेटीत अरे-तुरे करेल? मी ‘तुम्ही’ घातलं आणि पुढे निघालो.

पण मग ‘तू’ कधी? कुठल्या तरी एका वाक्याला ते यायलाच हवं.

मी जागा निवडली कादाकेसची. कॅटलोनियाच्या किनाऱ्यावरचं गाव, दालीच्या घरच्यांचा तिथे उन्हाळ्यातला मुक्काम. १९२५ च्या ईस्टरला लोर्का खरोखरच तिथे पाहुणा म्हणून गेला होता. सिनेमात हे दोघं रात्री समुद्रात उतरतात, चांदण्यात पाणी निळंशार चमकत असतं, आणि बराच वेळ कुणी काही बोलत नाही. सबटायटलवाल्याला एरवी असा प्रसंग म्हणजे चहाची सुट्टी. मी तो चार वेळा पाहिला. ठरलं, पाण्यातून बाहेर आल्यावर ‘तू’.

इथवर ठीक होतं. मग आळस केला. पुढच्या सगळ्या फाइलमध्ये ‘तुम्ही’ शोधून एका फटक्यात ‘तू’ करून टाकलं. क्रियापदं तशीच राहिली: ‘तू येता का’, ‘तू बघितलंत’. ते एक वेळ हाताने निस्तरता आलं असतं. पण याच वसतिगृहात लुईस बुन्युएलही आहे, पुढे सिनेदिग्दर्शक झालेला त्यांचा मित्र, आणि तो या दोघांना मिळून बोलतो तिथलं अनेकवचनी ‘तुम्ही’सुद्धा ‘तू’ झालं. दोन माणसांचा एकच माणूस! हे माझ्या लक्षात आलंच नाही. फाइल तशीच पाठवली.

संध्याकाळी तपासणाऱ्या ताईंचा फोन. “अरे, बुन्युएल नक्की कोणाशी भांडतोय?”

मी जीभ चावली. मग त्यांनी मूळ मुद्द्यालाच हात घातला. “आणि होस्टेलवर कोण कोणाला ‘तुम्ही’ म्हणतं रे? दालीची पत्रं बघ, लोर्काला सरळ ‘तू’ लिहिलंय.”

“पत्रं ओळख झाल्यानंतरची आहेत, ताई.”

“बरं. पण मग लोर्का त्याला काय म्हणतो?”

लोर्का पहिल्यापासून ‘तू’च म्हणत होता. मोठ्याचा हक्क म्हणून ते मी सहज लिहून गेलो होतो, विचार न करता. ताई एवढंच म्हणाल्या, “मग समुद्रात बदलतोय तो एकटा दाली.” मी पुन्हा तो प्रसंग लावला. खरंच होतं ते, आणि मला ते आवडलं. ठेवलं.

नावावरूनही तासभर गेला. ‘सेनिसितास’ हे दालीचं १९२७-२८ मधलं चित्र, आता माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात आहे; सिनेमाचं नाव त्यावरून. राखेचं लाडकं, छोटुकलं रूप. मराठीत ते करायला गेलं की हाती येते राखुंडी, म्हणजे प्रेक्षक दात घासायला उठणार. मूळ नावच देवनागरीत राहू दिलं.

शेवटची अडचण रात्री अकराला. मधे बरीच वर्षं गेलेली, दालीसोबत आता त्याची बायको गाला आहे, आणि लोर्का पुन्हा समोर येतो. १९३६ च्या ऑगस्टमध्ये ग्रानादाजवळ त्याला गोळ्या घालणार आहेत, हे आपल्याला ठाऊक असतं, त्यांना नसतं. ताई म्हणाल्या, “दुरावलेली माणसं परत ‘तुम्ही’वर येतात बघ.” मला ते जमेना. ‘तू’ही बोटांतून उतरेना. मग तिथल्या दोन-तीन सबटायटल्समध्ये सर्वनामच टाळलं. ‘कसं चाललंय’, ‘बरेच दिवस झाले’ अशी वाक्यं. क्रियापदातही ‘आहेस’ किंवा ‘आहात’ येऊ दिलं नाही.

ताईंनी त्या ओळींवर काही शेरा मारला नाही. फक्त एक स्वल्पविराम काढला.